तीन रिकाम्या वाट्या

१

नऊ डिसेंबर दोन हजार सातचा रविवार मी दवनीवाड्याला बाबांजवळ काढला. गोंदियाच्या कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवते, एकटी राहते, आणि रविवारी पहिल्या बसने गावी जायचं हा माझा नेम होता. पोहोचले तेव्हा बाबा मागच्या खोलीत वाट्या भरत होते.

पितळेच्या सात वाट्या, एका ओळीत. डावीकडची पहिली भरायची आणि उजवीकडे सरकत जायचं. दोन वाट्यांमध्ये एका दाण्याएवढी जागा सोडायची, आणि पाणीही काठापासून एक दाणा खाली ठेवायचं. जाम्पाने त्यांना हे शिकवलं तेव्हा जवाचा दाणा सांगितला होता. बाबा म्हणाले होते, जव इकडे कोण पेरतो? आणि त्यांनी घरच्या धानाचा दाणा घेतला.

जाम्पा म्हणजे गोठणगावच्या तिबेटी कॅम्पातला म्हातारा. तरुणपणी भिक्षू होता, पुढे दर हिवाळ्यात गोंदियाच्या बाजारात स्वेटर विकायला बसायचा. आई गेली त्या वर्षी बाबा त्याच्याकडे स्वेटर घ्यायला गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस एकाहत्तराव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी झाला होता. रोज सकाळी दार लावून दीड तास बसायचे. संध्याकाळी वाट्या उलट्या क्रमाने, उजवीकडून डावीकडे रिकाम्या करायचे, पुसायचे आणि पालथ्या घालायचे. रिकामी वाटी उताणी ठेवायची नाही, हा नियम ते फार कसोशीने पाळत.

"चहा घे, दादा," आत्या उंबरठ्याबाहेरूनच म्हणाली. सुलोचनाबाई, बाबांची धाकटी बहीण. सव्विसाव्या वर्षी विधवा होऊन सौंदडच्या सासरहून परत आली, ती चाळीस वर्षं याच घरात होती. बाबा तिथे बसायला लागल्यापासून त्या खोलीत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"आत ये ना," मी म्हटलं.

"कायले? देव नाही, फोटू नाही. नुसत्या वाट्या मांडून ठेवल्या. मले तं वाटते पंगतीले बसले आन वाढाले कोनी आलंच नाही."

बाबा खूप हसले.

मंगळवारी मला नागपूरला चर्चासत्रात निबंध वाचायचा होता. विषय होता पौर्वात्य ध्यानपरंपरांमधली प्रतीकं. दुपारी मी तो बाबांना वाचून दाखवला. कमळ, चक्र, घंटा, दीप. ते डोळे मिटून ऐकत होते.

"जपमाळ उजव्या हातात धरली जाते आणि तर्जनीचा स्पर्श टाळला जातो," मी वाचलं.

"कोणाकडे?"

"म्हणजे?"

"आपल्याकडे, हो. जाम्पाकडे डाव्या हातात धरतात." त्यांनी स्वतःचा डावा हात वर केला, अंगठा हलवून दाखवला. "मी तशीच धरतो."

"बाबा, हा संशोधनाचा निबंध आहे. स्वेटरवाल्याचा संदर्भ देता येत नाही."

"नको देऊस. पण चुकीचं तर नको लिहूस."

मी पान उलटलं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "वाट्यांमध्ये पाणीच का, ते लिहिलंस?"

"पाहुण्याचा सत्कार. पहिली प्यायच्या पाण्याची, दुसरी पाय धुवायच्या, तिसरी फुलांची, मग धूप, दीप, अत्तर, नैवेद्य. पाणी हे या सगळ्यांचं प्रतीक."

"असेल. जाम्पा म्हणतो, पाणी देताना कोणाचं मन आखडत नाही, म्हणून पाणी."

साडेचारच्या बसने मी निघाले.

२

सोमवारी साडेदहाला धाकट्या भावाचा, खुमेंद्रचा फोन आला. तासाभरात मी घरी होते.

दीदीला बघू द्या, म्हणून त्यांनी बाबांना हलवलं नव्हतं. ते आसनावर बसलेले होते, पाठ कोपऱ्यातल्या भिंतीला टेकलेली, मांडी घातलेली, डोळे मिटलेले. मांडीवर माळ. अंगात जाम्पाकडचं तपकिरी स्वेटर. दारात गाव लोटलं होतं. "बसल्या बसल्या गेले, पुण्यवान माणूस," असं जो तो म्हणत होता. कुणीतरी फोटोवाल्याला बोलावलं होतं आणि त्याच्या कॅमेऱ्याचा प्रकाश बाबांच्या मिटलेल्या डोळ्यांवर दोनदा पडला.

गावातल्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी तपासलं होतं. हृदय बंद पडलं, नऊ-साडेनऊच्या सुमाराला. "दुखायला आधीच लागलं असणार," ते खुमेंद्रला म्हणाले. "वेळेवर कळलं असतं तर गोंदियाला नेता आलं असतं."

हे वाक्य त्यांनी म्हणायला नको होतं.

खुमेंद्र पहाटे सहालाच ट्रॅक्टरवर धान लादून राइस मिलला गेला होता. जाताना आत्याला सांगून गेला होता, बाबांना रात्रभर झोप नाही, लक्ष ठेव. दहा वाजता बकाराम, आमचा शेतावरचा माणूस, पोती मागायला आला आणि त्याने दार ढकललं.

"तू कुठं होतीस?" खुमेंद्रने सगळ्यांसमोर आत्याला विचारलं.

"खळ्यावर."

"मी काय सांगून गेलो होतो?"

"सांगून गेला होतास."

"मग कायले गेलीस? खळं पळून चाललं होतं काय?"

आत्या भिंतीकडे बघत उभी राहिली. तिसऱ्या दिवशी अस्थी वेचून आल्यावर खुमेंद्र म्हणाला, "तेरवी झाली की आत्या सौंदडला जाईल. मला तिचं तोंड बघवत नाही."

सौंदडला तिचे दीर होते, पुतणे होते. गेल्या वीस वर्षांत त्यांच्यापैकी कुणी तिला लग्नाची पत्रिकासुद्धा धाडली नव्हती.

"जाईन बापा," आत्या म्हणाली.

ती भांडली असती, रडली असती तर मला काही वाटलं नसतं. माझी आत्या भाजीवाल्याशी अर्ध्या जुडीसाठी तासभर वाद घालणारी बाई. ती इतक्या सहज कबूल झाली, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. त्या रात्री मी फोटोवाल्याने दिलेला बाबांचा फोटो दिव्याखाली धरला.

माळ उजव्या हातात होती. मधल्या बोटावर नीट घातलेली. तर्जनी माळेला लागू नये म्हणून जराशी बाजूला काढलेली.

३

फोटोत वाट्याही होत्या. त्या मी सोमवारी प्रत्यक्ष पाहिल्या होत्या, पण तेव्हा डोळ्यांनी फक्त पाहिल्या होत्या. डावीकडच्या तीन रिकाम्या, आणि तिन्ही उताण्या. उजवीकडच्या चार भरलेल्या.

बाबा भरताना गेले असते तर डावीकडच्या भरलेल्या असत्या. संध्याकाळची वेळ नव्हती, आणि असती तरी उजवीकडच्या आधी रिकाम्या झाल्या असत्या. सहा वर्षांत त्यांनी हा क्रम एकदाही मोडला नव्हता. मग त्या खोलीत दुसरं कुणी होतं का? बाबा एकटे गेले नव्हते का? आणि तसं असेल, तर तो माणूस गप्प का होता?

मी बकारामपासून सुरुवात केली. तो गोठ्याशी विडी ओढत बसला होता.

"तू आत गेला होतास?"

"कसा जाऊ बाई? पायाले चिखल. मी दार ढकललं, पाहिलं तं मास्तर बसून राहिले. म्हटलं ध्यान करून राहिले. मंग पाहिलं, गालावर माशी बसली होती. उडवून नाही राहिले." त्याने विडी विझवली. "तिथूनच बोंब मारली."

"आत्या खळ्यावर होती?"

"त्या म्हणत्यात तं असतीन."

"तू तर सातपासून खळ्यावर होतास ना? तुला दिसली?"

"मळणीची मशीन चालू होती बाई. इतका भुसा उडे का माहा बाप येऊन उभा राहिला असता तरी वळखलो नसतो." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मले काही विचारू नका."

दुसरी योगेश्वरी. गावच्या अंगणवाडीत होती, तिशीतली. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी आठला ती बाबांजवळ ध्यानाला बसायला यायची. बाबांसोबत त्या खोलीत बसणारी ती एकटीच. गावात तिच्याबद्दल कुजबुज सुरू झाली होतीच.

"मी त्या सोमवारी आले नाही, मॅडम," ती लगेच म्हणाली. "लेकरांची वजनं घ्यायची होती. रजिस्टर बघा पाहिजे तर."

"रजिस्टर नको. हा फोटो बघ."

तिने फोटो बराच वेळ पाहिला. नकळत तिचा डावा हात वर आला, अंगठा मधल्या बोटावर फिरला. "माळ इकडे कशी? सर तर..." ती थांबली. "आणि वाट्या उताण्या! मी एकदा विसरले होते तर सरांनी अर्धा तास समजावलं होतं. मी असते ना, तर आधी त्या पालथ्या घातल्या असत्या."

तिच्यावर माझा विश्वास बसला. त्या खोलीची रीत जिच्या बोटांनाही पाठ होती, तिच्याकडून हे घडलं नसतं.

मग कुणाकडून? इथे माझ्या वाचनाने मला भलतीकडे नेलं. मला आठवलं, तिसऱ्या वाटीच्या तळाशी एक हिरवं पान चिकटलेलं होतं. तिसरी वाटी फुलांची. फुलाच्या जागी पान! पिण्याचं पाणी, पाय धुण्याचं पाणी, फूल. पाहुण्याच्या स्वागताची पहिली तीन पावलं, तेवढीच वापरलेली. म्हणजे पाहुणा आला होता, आणि बाबांना तो कोण हे कळलं होतं. त्यांनी मृत्यूचं स्वागत केलं आणि जाताना माझ्यासाठी, ज्या भाषेची मी अभ्यासक आहे त्या भाषेत, निरोप ठेवला.

मी हे वहीत लिहून काढलं. सुंदर जमलं होतं. निबंधाला जोडता येईल, असाही विचार मनात आला, हे इथे लिहायला हवं.

४

"सुतकात कुठं निघालीस?" खुमेंद्रने विचारलं.

"जाम्पाला सांगायला हवं."

गोंदियाहून बल्लारशा पॅसेंजरने अर्जुनी, तिथून जीपने गोठणगाव. कॅम्पात घरं ओस होती, कारण थंडीमुळे तरुण माणसं स्वेटर घेऊन गावोगाव गेलेली. जाम्पाचे गुडघे गेले होते म्हणून तो मागे राहिला होता. ओसरीवर उन्हात बसला होता, डाव्या हातात माळ.

बातमी ऐकून त्याने माळ कपाळाला लावली. मग त्याने मला चहा दिला आणि म्हणाला, "मास्टरजी मुझसे मोल-भाव नहीं करते थे. स्वेटर का दाम पूछते थे और फिर सवाल पूछते थे. दाम से ज़्यादा सवाल."

मी त्याला फोटो दाखवला आणि माझा अर्थ सांगितला. पाहुणा, स्वागत, तिसरी वाटी. हिंदीत सांगताना तो आणखीच भारदस्त वाटत होता. जाम्पा मान डोलवत ऐकत होता. संपल्यावर तो हसला, त्यात टिंगल नव्हती.

"बेटी, किताब में फूल की कटोरी है. हमारे मंदिर में भी है. मास्टरजी के घर नहीं थी. मैंने सिखाया था, सातों में पानी. फूल-पत्ता कुछ नहीं."

"पण पान होतं. मी पाहिलं."

"कौन-सा पत्ता?"

मला इतके दिवस कुणी हे विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. माझ्यासाठी ते पान नव्हतं, फुलाचं प्रतीक होतं. मी डोळे मिटले. लहान, कडेला कातरलेलं, जरा जांभळट.

"तुळस," मी म्हटलं.

"तुलसी हम नहीं रखते." जाम्पाने माळ मांडीवर ठेवली. "तुम लोग पानी में तुलसी कब डालते हो?"

उत्तर मला माहीत होतं. ते त्यालाही माहीत होतं, इतकी वर्षं तो आमच्यात राहिला होता.

"तुम पानी में मतलब ढूँढ रही हो," तो म्हणाला. "पानी किसने पिया, ये देखो."

परतीच्या गाडीत मी एकेकाला वगळत गेले. ज्याने माळ उजव्या हातात दिली, त्याला बाबा ती डाव्या हातात धरतात हे माहीत नव्हतं, म्हणून योगेश्वरी नाही. त्याला तर्जनीचा नियम ठाऊक होता, म्हणजे तो स्वतः जप करणारा. म्हणून खुमेंद्र नाही, त्याने आयुष्यात माळेला हात लावलेला नाही, शिवाय तो मिलवर होता. बकाराम उंबरठा ओलांडणारा नाही. तुळस हाताशी असलेला माणूस हवा, सकाळी वृंदावनाला पाणी घालणारा. माळ नेमाने जपणारा, पण त्या खोलीत कधीच न गेलेला. आणि माणूस मरतो आहे हे ओळखून, मदतीला कुणाचं दार न ठोठावता, त्याच्या तोंडात तुळशीचं पाणी घालणारा.

गाडी सौंदडला थांबली. फलाटावर एक म्हातारी पेटीवर बसून होती. तिला न्यायला कुणी आलेलं दिसत नव्हतं. गाडी सुटेपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिले.

५

आत्या परसात तांदूळ पाखडत होती.

"आत्या, बाबांना तुळशीचं पाणी तू पाजलंस."

सूप थांबलं नाही. "मी खळ्यावर होती."

"माळ उजव्या हातात तू दिलीस."

"तं कोनत्या हातात देतात?"

तिने जीभ चावली. सूप खाली ठेवलं, आणि पदराने तांदळाची धूळ हातावरून पुसत बसली.

"डाव्या हातात होती," शेवटी म्हणाली. "म्हटलं, घाबऱ्याघाबऱ्यात चुकीच्या हातात राहून गेली. देवाच्या दारी डावा हात घेऊन कसा जाईन माहा भाऊ? म्हनून बदलली. चुकलं काय?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही चुकलं, आत्या."

मग ती बोलू लागली. साडेसातला आतून कण्हण्याचा आवाज आला म्हणून तिने दार ढकललं. सहा वर्षांत पहिल्यांदा उंबरठा ओलांडला. बाबा कोपऱ्याला टेकून बसले होते, घामाने भिजलेले. त्यांनी तिचा हात धरला तो सोडला नाही.

"पानी पाह्यजे म्हने. मी म्हटलं, आनतो घरातून. हात सोडंना. मंग जिथवर माहा दुसरा हात पुरला तिथलं घेतलं, त्या वाटीतलं. पहिलं प्यायला. दुसऱ्या वाटीनं त्याचं तोंड पुसलं, मान पुसली. मंग डोरे फिरवाले लागला तं मले समजलं. पदराच्या गाठीत सकारची तुळस होती. ते घातली." तिने श्वास घेतला. "त्याच्या वाट्यांले हात लावला म्हनून रागावला असन काय गं तो?"

प्यायचं पाणी, धुवायचं पाणी, पान. मी ते मोठ्याने म्हटलं नाही. मला एकदम माझी वही जाळावीशी वाटली.

"दोन तास," मी म्हटलं. "साडेसात ते साडेनऊ. कोणाला हाक का नाही मारलीस? जीप होती, दुकानात फोन होता."

"माराले पाहून राहिली होती ना! दहादा उठाले गेली. म्हटलं, दादा, गोंदियाले जाऊ. उठू देईना."

"काऊन?"

आत्याने सूप पुन्हा उचललं. "जाऊ दे. भात टाकाचा आहे."

"आत्या, काऊन?"

"तुले कायले पाह्यजे? गेला तो. चांगला गेला, माह्या हातात गेला."

"मग खुमेंद्रला तसं सांग! तो तुला घराबाहेर काढतोय. तू बाबांजवळ होतीस एवढं सांग, बास."

"एवढं सांगितलं तं तो विचारीन ना, दवाखान्यात काऊन नाही नेलं? मंग मी काय सांगू? दादा काय म्हनत होता ते सांगू?"

"काय म्हणत होते?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तशा नजरेने तिने मला लहानपणी ताप असताना पाहिलेलं आठवतं.

"तू रविवारी जाताना त्याले जे म्हटलंस, ते," ती म्हणाली. "‘हर्षा म्हनली तसं करतो,’ म्हने. हसून म्हने. खरंच हसून, पोरी. राग नव्हता."

मला वाटत होतं, ते बोलणं फक्त आम्हा दोघांत झालं होतं, आणि दोघांपैकी एक आता नव्हतं. गेले काही दिवस मी प्रश्न विचारत फिरत होते. बकारामला, योगेश्वरीला, पाण्याला, पानाला. बाबा कुणामुळे गेले, हे शोधत असल्याचं मी स्वतःला सांगत होते. खरं तर ते माझ्यामुळे गेले नाहीत, एवढंच कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

"तू काही बोलू नको," आत्या म्हणत होती. "तुले नोकरी आहे, लोकांत उठनं-बसनं आहे. माहं काय? सौंदडले काय वाघ आहेत?"

"तिथं तुला कोण ओळखतं?"

ती पाखडत राहिली. सुपाशीच बोलल्यासारखं म्हणाली, "खाट तं देतीन."

६

तेरवीला दीडशे माणसं होती. तिरोड्यापासून भाऊकी आली होती. अंगणात मांडव, मांडवात बाबांचा तोच फोटो, हार घातलेला. खुमेंद्रने संगमरवराची पाटी आणली होती, ‘ध्यानस्थ अवस्थेत देवाज्ञा’ असं कोरलेली. लोक पाटीला हात लावून नमस्कार करत होते.

ओसरीच्या पायरीशी जीप उभी होती. आत्याची पत्र्याची पेटी बकारामने जीपमध्ये ठेवली होती आणि तो तिच्या बाजूला, काही चुकल्यासारखा उभा होता.

पंगत उठली. भाऊकीतले सर्वांत वडील सेवकराम काका पान जुळवत बसले होते. "दुलीचंद तं ऋषी माणूस," ते म्हणाले. "पन एक गोष्ट लागून राहिली मनाले. घरात बाई असून म्हातारा एकटा गेला. पानी पाजाले कोनी नाही."

"ज्याला त्याला आपलं काम मोठं," कुणीतरी बोललं.

"चाळीस वर्षं पोसलं ना भावानं!"

"म्हणून तर पाठवतोय," खुमेंद्र म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. तो दुष्ट नाही. त्यालाही कुणावर तरी दोष ठेवायला हवा होता. "आत्या, उशीर होऊन राहिला. निघ."

आत्या उठली. तिने सगळ्यांकडे पाहून हात जोडले. सेवकराम काकांनी मान फिरवली.

मी मांडवात बायकांच्या बाजूला बसले होते. मी उठून जीपपाशी गेले.

"बकाराम," मी म्हटलं, "पेटी खाली उतरव."

"दीदी, तू मध्ये पडू नकोस," खुमेंद्र म्हणाला.

"बाबा एकटे गेले नाहीत. आत्या त्यांच्याजवळ होती. साडेसातपासून शेवटपर्यंत. त्यांनी तिचा हात धरला होता. तिने त्यांना पाणी पाजलं, तोंड पुसलं, तुळस घातली. वाट्यांत पाणी नव्हतं ते म्हणून. बाबा माळ डाव्या हातात धरायचे, योगेश्वरीला विचार. फोटोत ती उजव्या हातात आहे, कारण आत्याने ती नीट करून दिली."

खुमेंद्रने फोटोकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"जवळ होतीस?" तो तिला म्हणाला. "जवळ होतीस आणि नेलं नाहीस? दोन तास?"

आत्याने माझ्याकडे पाहून मान हलवली, नाही, नाही अशी. "चूप राय, पोरी," ती म्हणाली. "मी खळ्यावर होती. हे लेकरू दुखात काहीबी बोलून राहिली."

"आत्याला विचारू नकोस," मी खुमेंद्रला म्हटलं. "मला विचार."

"तुला काय विचारू? तू तर गोंदियाला होतीस."

"रविवारी इथे होते."

"हर्षा!" आत्या म्हणाली.

मी सेवकराम काकांकडे पाहिलं, योगेश्वरीकडे पाहिलं. मग खुमेंद्रकडे पाहून बोलले, कारण ऐकायचा पहिला हक्क त्याचा होता.

"रविवारी बस यायच्या आधी बाबांनी मला सांगितलं, दोन दिवस झाले छातीत जड वाटतंय, डाव्या हाताला मुंग्या येतात. तुम्हाला कुणाला त्यांनी सांगितलं नाही. मला सांगितलं. म्हणाले, मंगळवारी तू नागपूरला जातेच आहेस, मीही येतो. सकाळी डॉक्टरला दाखवू, दुपारी तुझं भाषण ऐकीन. मी जाणारच होते, खुमेंद्र. कॉलेजच्या गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती. पण मला वाटलं, ते तिथे स्वेटर घालून पहिल्या रांगेत बसतील, आणि माझं चुकलं की सगळ्या प्राध्यापकांसमोर हात वर करून सांगतील. मला त्यांची लाज वाटली. म्हणून मी जे म्हटलं, त्याचंच नाव घेऊन त्यांनी सोमवारी आत्याला उठू दिलं नाही. मी म्हटलं, ‘सहा वर्षं डोळे मिटून बसताय ना? मग त्याने एवढंही बरं होत नाही? आणखी थोडं बसा. माझी फजिती करायला नागपूरला येऊ नका.’"